आधी ओळ काढा, मग भांडू

मी भित्री बाई आहे. हे मी लाजत सांगत नाही, टाळ्या घ्यायच्या सुरात सांगते. झुरळाला भिते, कडाडणाऱ्या विजेला भिते, आणि सुईला तर इतकी भिते की ज्या पॅथॉलॉजी लॅबचं काम मी गेली बारा वर्षं करते, तिथं आजवर स्वतःचं थेंबभर रक्त दिलेलं नाही. आणि पोटासाठी धंदा कुठला धरला? तर ज्यात भ्यायचाच पगार मिळतो असा.

मी सोलापुरातल्या लॅब, दवाखाने आणि टॉवेलचे कारखाने यांच्या कॉम्प्युटरची राखण करते. बिघडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे वेगळे. आत काय साठवलंय आणि ते कोण बघू शकतं, हे मी सांभाळते. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर टाइप करत बसते. खरं म्हणजे मी दिवसभर कल्पना करत बसते. हे दार उघडं राहिलं तर? ही किल्ली त्या माणसाच्या हाती लागली तर? आमचे हे, अंबादास, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. ते म्हणतात, "तुला भुताची गोष्ट सांगायला दिली तर भूतच पळून जाईल."

भिण्यासारखी माणसंही देव भरपूर पाठवतो. लॅबच्या काउंटरवरच्या रेणुकाचं उदाहरण घ्या. पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नाही, असं मी तिला शपथ घालून सांगितलं होतं. आठवड्याने गेले तर मॉनिटरच्या कपाळावर चिठ्ठी.

"रेणुका, हे काय?"

"अक्का, तेलुगूत लिहिलंय. कुणाला वाचता येणार नाही."

सोलापुरात! जिथं पेठाच्या पेठा तेलुगू बोलतात तिथं, शुक्रवार पेठेपासून दहा मिनिटांवर! समोरच्या बाकावर बसलेल्या आजोबांनी ती चिठ्ठी मोठ्यांदा वाचून दाखवली आणि वर विचारलं, "शेवटचा आकडा सात आहे का एक?"

हसू येतं, पण भीती खरी असते. एका कारखान्यात माझ्या आधीच्या माणसाने सगळ्यांचे पासवर्ड कुलूपबंद करून ठेवले होते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच कॉम्प्युटरमध्ये शेजारच्या फाइलमध्ये. नोकरी सोडून गेलेल्या एकाला ती सापडली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सुपरवायझरांचे पासवर्ड नावानिशी वाचले गेले. एकाच्या पासवर्डात बायकोचं नाव नव्हतं, दुसऱ्याच बाईचं होतं. तो माणूस त्या दुपारी कॅन्टीनच्या मागे उभा राहून रडत होता. त्याला मी पाहिलं आहे. म्हणून पुढची गोष्ट सांगताना माझी बाजू एवढी तरी लक्षात ठेवा, की मी शब्दासाठी उगाच भांडत नव्हते.

आता ते शब्द सांगते, घाबरू नका. घाबरायचं काम माझं.

पासवर्ड जपायच्या दोन रीती. पहिलीला एन्क्रिप्शन म्हणतात. पासवर्ड पेटीत घालायचा आणि कुलूप लावायचं. किल्ली असली की जसाच्या तसा बाहेर निघतो. दुसरीला म्हणतात हॅश. इथे पासवर्ड गिरणीत घालून दळायचा आणि फक्त पीठ ठेवायचं. पिठाची परत ज्वारी होत नाही. तुम्ही उद्या पासवर्ड टाइप केला की तो पुन्हा दळायचा आणि कालच्या पिठाशी ताडून बघायचा. जुळलं तर या आत. म्हणजे तुमचा पासवर्ड मलाही ठाऊक नसतो. हा माझा अभिमान आहे, मिरवते मी.

पण चोरही गिरणी काढू शकतो. तो जगातली नेहमीची धान्यं आधीच दळून, पुड्या बांधून ठेवतो. तुमचं पीठ हाती आलं की पुडीशी लावून बघतो. म्हणून आम्ही दळायच्या आधी प्रत्येकाच्या धान्यात वेगळं मीठ टाकतो. त्याला मीठच म्हणतात, मी गंमत करत नाही. मग चोराच्या तयार पुड्या वाया जातात. आणि दळायला विजेची गिरणी घ्यायची नाही, हाताचं जातं घ्यायचं. हळू दळलं की चोराला एकेक दाणा तपासायला जन्म जातो.

एवढं कळलं तर तुम्ही आमच्या कट्ट्यावर भांडायला लायक झालात.

कट्टा म्हणजे फोनवरचा आमचा ग्रुप. जिल्ह्याजिल्ह्यांतली कॉम्प्युटरवाली मंडळी, चारशेच्या वर. नियम एकच, शिवी द्यायची नाही. त्यामुळे तिथं इतक्या आदराने अपमान होतात की लग्नातल्या विहिणींनी शिकवणी लावावी. आणि त्यात मी, तरुणपणी हौशी नाटकांत खलनायिकेची कामं केलेली!

एका शुक्रवारी सकाळी तिथं 'कडब्याची पेंढी' नावाच्या सदस्याने लिहिलं, 'पासवर्डचं हॅश करून ठेवलं म्हंजे एन्क्रिप्शनच झालं की.' फोटोच्या जागी ज्वारीचं कणीस. खरं नाव बिरू. मंगळवेढ्याला एसटी स्टँडजवळ त्याचं दुकान, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं. घरी मेंढरं आणि थोडी शेती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मला फक्त चुकलेला शब्द दिसला.

मी लिहिलं, 'पेंढीबुवा, पेटी आणि पीठ यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने गिरणी काढू नये आणि लॉकरही घेऊ नये.'

हसऱ्या तोंडांची रांग लागली. मला चढलं.

तो लिहितो, 'व्हय अक्का, आमी अडाणीच. पर माज्या दुकानात म्हातारी येती, कागुद सुरक्षित ऱ्हातील का म्हनती. तिला कुलूप म्हनलं की धीर येतो.'

'धीर येतो, पण खोटा!' मी म्हटलं. 'कुलूप म्हणालात की ती उद्या किल्ली मागेल.'

'मागू द्या की. न्हाय म्हनाय मी हाय.'

असं दिवसभर चाललं. संध्याकाळी अंबादास कामावरून आले तेव्हा कुकरमध्ये भात करपत होता आणि मी फोनशी हसत होते.

"कोण आहे?"

"मंगळवेढ्याचा एक जण. हरत आलाय."

"तू हरत आलीस की कळव. भात मी लावतो."

शनिवारी मी लॅबमध्ये होते. लॅबचं नाव सांगणार नाही आणि जिची ती लॅब, त्या डॉक्टरबाईंचंही नाही. बाई पाहुण्यांच्या लग्नाला गेल्या होत्या. मी त्यांच्या टेबलावर बसून काम करत होते. समोर सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पासवर्डांचं पीठ उघडं, एकेका ओळीत एकेकाचं. आणि शेजारी फोनवर पेंढी.

तो म्हणाला, 'पीठ पीठ काय करताय, काडनारा काडतोय त्यातनंबी दाना.'

झालं. खलनायिका जागी झाली. मी समोरच्या यादीतली सगळ्यात वरची ओळ उचलली, नाव पुसलं आणि कट्ट्यावर टाकली. खाली लिहिलं, 'हे घ्या पीठ. काढा दाणा. काढलात तर चारशे जणांसमोर तुम्हाला गुरू मानीन.'

सव्वाबारा वाजले होते. टाळ्या, फटाके, शिट्ट्या. पेंढी गप्प. जो माणूस अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायचा, तो पाच मिनिटं गप्प, वीस मिनिटं गप्प. 'अक्का जिंकल्या!' कुणीतरी हार घातलेला हत्ती पाठवला. मी रेणुकाला चहा सांगितला.

पाऊण वाजता फोन वाजला. बिरूचा निरोप, पण कट्ट्यावर नाही. माझ्या एकटीच्या खिडकीत.

'अक्का, ती वळ काडा. आदी काडा. मग भांडू.'

मी खुशीत लिहिलं, 'हरलात म्हणायचं?'

'पैलं अक्षर यस. शेवटी एक दोन तीन. त्याच्या आदी पोरीचं नाव हाय. पुरं लिवत न्हाय. काडा.'

माझ्यासमोर टेबलावर काचेखाली डॉक्टरबाईंच्या मुलीचा फोटो होता, शाळेच्या स्नेहसंमेलनातला. तिचं नाव एसने सुरू होतं.

सगळ्यात वरची ओळ. लॅबमध्ये सगळ्यात आधी कुणाचं खातं काढलं असेल? मालकिणीचं. बारा वर्षांपूर्वी. तेव्हा मी नवखी होते, मीठ टाकत नव्हते आणि विजेच्या गिरणीवर दळत होते. पुढे शहाणी झाले, नव्यांचं सगळं जात्यावर घेतलं. जुन्यांनी पासवर्ड बदलला की त्यांचंही आपोआप नव्याने दळलं जाईल, अशी सोय केली. बाईंनी बारा वर्षांत पासवर्ड बदललाच नव्हता. आणि मी कधी तपासलं नव्हतं.

भीतीचे मी एवढे प्रयोग केलेत आयुष्यात, पण ही वेगळी होती. मी ती ओळ कट्ट्यावरून पुसली. अर्धा तास होऊन गेला होता. एकशे बारा जणांनी ती पाहिली होती. नाव पुसलं होतं म्हणून स्वतःला धीर द्यायला गेले, तेवढ्यात आठवलं, मागच्याच महिन्यात मी त्याच कट्ट्यावर या लॅबच्या नव्या वेबसाइटचा पत्ता मिरवला होता. 'घरबसल्या रिपोर्ट बघा, तुमच्या अक्काची करामत.'

काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. एक मध्यमवयीन बाई एका मुलीचा हात घट्ट धरून बसली होती. मुलगी खाली बघत होती. त्यांच्या पलीकडे नुकतं लग्न ठरलेला एक तरुण, तोंडाला रुमाल बांधून. कसल्या तपासणीला आला होता ते मला माहीत होतं, कारण यादी समोरच होती. बाईंच्या खात्यातून हे सगळं उघडतं. या गावात बातमी पोचायला वर्तमानपत्र लागत नाही. एक रिपोर्ट एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेला की त्या मुलीचा हात कुणी धरणार नाही, आणि त्या तरुणाचा मांडव उतरवतील. आणि ते माझ्यामुळे. एका शब्दासाठी.

वेबसाइट लॅबमधल्या याच कॉम्प्युटरवरून चालायची. मी टेबलाखाली शिरले आणि इंटरनेटची वायर उपटली.

बाहेर रेणुका ओरडली, "अक्का, रिपोर्ट बंद पडले!"

"सर्व्हिसिंग आहे," मी टेबलाखालूनच म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज नेहमी गोड होतो. तसाच झाला.

मग मी बिरूला फोन लावला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला. मागे एसटीचा हॉर्न वाजत होता.

"अण्णा, तुम्ही अजून कुणाला..."

"कुनाला न्हाय. आदी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांचं काम उरकून त्यास्नी लावून दिलं, मग बगितलं. दोन मिन्टंबी लागली न्हाईत, अक्का. लई जुनी गिरनी हाय तुमची."

"वायर काढलीय मी."

"ब्येस. आता कोन येऊन गेलंय का बगा. रडू नगा, आदी बगा."

मी रडत होते हे त्याला कसं कळलं, देव जाणे.

कोण कधी आत आलं याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. मी ती उघडली. बारा चाळीसला बाईंच्या खात्यातून कुणीतरी आत आलं होतं. बाहेरून. लॅबमधून नाही.

माझी ओळ सव्वाबाराला गेली होती. बिरूचा निरोप पाऊणला आला होता. मधोमध हे पाऊल.

फोन कानाला तसाच होता. मनात आलेलं मी बोलूनच टाकलं. "अण्णा, खरं सांगा. तुम्ही आत गेला होतात?"

मग तो म्हणाला, "अक्का, तुमी दोन दिस मला अडानी म्हनलात, म्या हसलो. हे म्हनू नगा. म्या दारापातूर गेलो न्हाय. कडीला हात लावला न्हाय."

विश्वास ठेवायचा का? ज्याला मी चारशे लोकांसमोर दोन दिवस टपल्या मारल्या, त्याच्या शब्दावर? आणि ठेवला, तर मग आत कोण गेलं होतं? उरलेल्या एकशे अकरांतलं कोण? पहिली भीती परवडली, अशी ही दुसरी होती.

"मालकिनीला इचारा," बिरू म्हणाला. "त्याच ग्येल्या असत्याल."

"विचारायचं म्हणजे सांगावं लागेल."

"सांगावं लागंल की."

बारा वर्षांची नोकरी, बारा वर्षांचं नाव. शेजारच्या लॅबवाल्यांना मी हसून सांगायचे, 'आमच्या बाई सगळं डोळे मिटून माझ्यावर सोडतात.' खरंच सोडायच्या. मी बाईंना फोन लावला. मागे सनई आणि ताटांचा आवाज.

"बाई, आज बारा चाळीसला तुम्ही बाहेरून लॅबचं काही उघडलं होतंत का?"

"मी? नाही बाई, जेवायला बसतेय." माझ्या पायाखालची फरशी गेली. "थांबा... हो हो! नवऱ्यामुलाच्या काकांनी शुगरचा रिपोर्ट विचारला होता, तो फोनवर बघितला. पेढे हातात घेऊन विचारत होते. का हो?"

मी जमिनीवर बसले. आणि बसल्या बसल्या सगळं सांगितलं. नाटक नाही, आवाज चढवणं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुठली गोष्ट इतकी वाईट सांगितली.

सनई वाजत राहिली. मग बाई म्हणाल्या, "माझ्या मुलीचं नाव तुम्ही चारशे लोकांत टाकलंत. भांडण जिंकायला."

"होय."

"मी येते. तोवर वायर लावू नका."

त्या येईपर्यंत बिरूने दुकानाचं दार लावून घेतलं आणि फोनवर माझ्याबरोबर बसून राहिला. जुन्या गिरणीवर दळलेली आणखी कितीजण निघाली? नऊ. नऊही जणांचे पासवर्ड रद्द करून प्रत्येकाला समोर उभं करून नवा घ्यायला लावला. रेणुकाने नवा पासवर्ड टाकला आणि चिठ्ठीसाठी पेन उचललं. माझा चेहरा बघून खाली ठेवलं. मुलीच्या हाताला धरून बसलेल्या त्या बाईला मी कागदावरचा रिपोर्ट पाकिटात घालून स्वतः दिला. तिने पाकीट पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे न बघता गेली.

बाई आल्या. लग्नातली साडी, केसांत गजरा. टेबलाशी बसल्या, नवा पासवर्ड घातला, माझ्याकडे पाठ करून. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाठ करून कधीच काही टाइप केलं नव्हतं. काम त्यांनी काढून घेतलं नाही. 'भांडण जिंकायला' हे त्यांचं वाक्य मात्र आजही माझ्याकडे आहे, आणि ती पाठही.

घरी आले तर फोनमध्ये दीडशे निरोप. 'अक्का, मानलं!' 'पेंढी सुटली!' 'गुरू तुम्हीच!' कट्टा मला हार घालत होता. बिरूने एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्याने नुसतं 'दाना निगाला' एवढं लिहिलं असतं, तर मी कायमची संपले असते. आणि तोच एकटा माणूस खरं लिहू शकत होता.

अंबादासांनी ताट वाढलं. "जिंकलीस का?"

"हो."

"मग जेवत का नाहीस?"

लगेच खरं लिहिता येत नव्हतं, माझ्या बाकीच्या लॅब-कारखान्यांची दारं अजून कच्ची होती. मी दोन आठवडे थांबले. जिथं जिथं माझं काम आहे तिथली एकेक जुनी ओळ तपासली, बदलली. मग एका दुपारी कट्ट्यावर लिहिलं, 'त्या दिवशी पेंढीबुवांनी दाणा काढला होता. दोन मिनिटांत. ते गप्प बसले म्हणून माझी लाज राहिली. दिलेल्या शब्दाप्रमाणे ते आजपासून माझे गुरू.' पाठवायचं बटण दाबताना बोट तीनदा मागे आलं.

मग बिरू लिहितो, 'अक्का, गुरू बिरू ऱ्हाऊ द्या. पर हॅश म्हंजे एन्क्रिप्शन न्हाय, ह्ये तुमचंच बराबर हाय. म्हातारीला म्या आता पीठच सांगतो. तिला कुलपापेक्षा पीठ जास्त कळलं.'

माझे डोळे भरून आले असतील, नसतील, प्रेक्षकांनी ठरवावं. कारण तेवढ्यात त्याची दुसरी ओळ आली. 'आनि मीठ टाकलं की त्याला कुलूप लागतं.'

चूक! मिठाने कुलूप लागत नाही, मिठाने फक्त चोराच्या पुड्या वाया जातात! माझी बोटं आपोआप फोनवर गेली. पेंढीबुवा, असं लिहूनही झालं होतं. मी ते पुसलं. कट्टा बंद केला आणि त्याच्या एकट्याच्या खिडकीत लिहिलं, 'अण्णा, एक शब्द चुकलाय. सांगू का?'

उत्तर अर्ध्या मिनिटात आलं.

'सांगा की. पर आदी बगा, हातात कुनाची वळ न्हाय न्हवं.'

मी खरंच हात उघडून बघितले.